भैरोबाला वाहिलेला पाय

लढाई संपून रंगूबाई इटलीहून कुंडलजवळच्या आपल्या वाडीत परत आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत काय असेल याचा अख्ख्या आळीनं अंदाज बांधला होता. निघाला एक पाय. पांढरा, गुडघ्यापर्यंतचा, प्लास्टरचा.

रंगूबाई लष्करात नर्स होती. एका गढवाली पोराच्या मोडक्या पायावर ते प्लास्टर तिनंच चढवलेलं, आणि वॉर्डातल्या सगळ्यांनी जांभळ्या पेन्सिलीनं त्यावर आपापली नावं लिहिलेली. कुणी उर्दूत, कुणी गुरमुखीत. एका इटालियन आचाऱ्यानं तर नावाऐवजी कांदाच काढला होता. त्यातले कितीतरी पुढं घरी पोचलेच नाहीत. म्हणून प्लास्टर कापल्यावर दोन्ही फाका पट्टीनं बांधून तिनं तो पाय बोटीत मांडीवर घेऊन आणि पुढं ट्रंकेत घालून आणला.

हे सगळं तिनं आत्तीला, म्हणजे बनुबाईला, बैजवार सांगितलं. बनुबाईनं त्यातलं एवढंच ऐकलं, की हा पाय बरा झाला.

बनुबाईचा स्वतःचा गुडघा कधीचा धरलेला. बरा झाला तर भैरोबाला पाय वाहीन, असा नवसही बोललेला. लोक चांदीचा नाहीतर लाकडाचा पाय वाहतात. इथं घरातच तयार पाय पडलेला, तोही समुद्रापलीकडचा. रंगूबाई नोकरीचं बघायला सांगलीला गेली, तेवढ्यात बनुबाईनं हळदकुंकू लावून तो देवाला वाहून टाकला. आधी वाहिला, मग गुडघा मोकळा झाला. सांगलीला जाईपर्यंत रंगूबाई रोज संध्याकाळी तो गुडघा शेकत होती, त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

सांगलीहून येऊन बघते तर पायापुढं रांग. वाताची माणसं, मुरगळलेली माणसं, एक लंगडा बैलसुद्धा. जो येई तो तांब्याभर पाणी ओती, आणि तांब्यागणिक एखादं नाव ओघळून जाई. कांदा तर गेलाच होता.

तिनं नाथाजी गुरवाला जाऊन हात जोडले. पाय कुणाचा, नावं कुणाची, सगळं सांगितलं. नाथाजीनं मान डोलवली आणि देवाला वाहिलेलं माघारी जात नाही असं सांगितलं. ती हटेना, तेव्हा जरा खाली उतरला.

"असं करा बाई. तसलाच दुसरा पाय देवळात ठिवा, आन् ह्यो खुशाल न्या."

रंगूबाईनं ओळखीच्या डॉक्टरकडून प्लास्टर मिळवलं. पण ते चढवायला पाय हवा, आणि धडधाकट पाय कुणी देईना. मोडण्याला आवतण कोण देणार? बनुबाई तर पदर खोचून उठलीच. "माजा आत्ता कुटं गप बसलाय. त्येला कशाला उगं डिवचतीस?"

शेवटी नाथाजीनंच आपला पाय पुढं केला. देवळाच्या पायरीवर तिनं तो प्लास्टरात बांधला, वाळेपर्यंत हलायचं नाही, मग कापून काढते, म्हणून बजावलं, आणि करवत आणायला घरी गेली.

वार होता रविवार, भैरोबाचा. दर्शनाला आलेल्या बायांना दिसलं काय, तर आतला पाय बाहेर आलाय आणि त्याला आता वर गुरवही फुटलाय. रंगूबाई करवत घेऊन परतली तोवर नाथाजी हळदीनं पिवळा झाला होता, मांडीशी नारळांचा ढीग लागला होता, आणि बनुबाई जातीनं रांग लावत होती. आतल्या पायाकडं कुत्रंसुद्धा बघत नव्हतं.

करवत बघून नाथाजीनं पाय आखडून घेतला.

"आज न्हाई, बाई."

"मग माजा पाय?"

"न्या की. दुसरा देवळात हायच."

रंगूबाईनं आतला पाय उचलला, पदरानं टिपला. गढवाल्याचं नाव शाबूत होतं, आणखी चारदोन पुसट. काखोटीला मारून ती निघाली, तसा नाथाजीनं तिला हळूच जवळ बोलावलं.

"यात्रा हुस्तवर ठिवावा म्हंतो. पन आत लय खाजतंय वो."

रंगूबाईनं कोपऱ्यातल्या खराट्याची एक लांब काडी मोडून त्याच्या हातात दिली.

"आत घालून खाजवा. इटलीत समदे असंच करायचे."