पेल्यातलं पाणी

टेबलाच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. पुठ्ठा कुठेच दबलेला नव्हता, म्हणजे टेबलाचा भार त्याच्यावर आलाच नव्हता. आत्याने वाकून तो ओढला. सहज निघाला.

"राहू दे गं तो," भाची फोनमधून मान वर न काढता म्हणाली. "टेबल डुगडुगतं. सगळे व्हिडिओ हललेत माझे."

भाचीला घरात सगळे भिंगरी म्हणत. युवा पुरस्कारासाठी तिला खेळ, समाजसेवा आणि एक नवं कौशल्य, तिन्हींचे पुरावे द्यायचे होते. कौशल्य म्हणून ती आत्याकडे भरतकाम शिकत होती. दर रविवारी दुपारी पुस्तकांच्या चळतीवर फोन टेकवायचा आणि दोघींचे हात टिपायचे. चेहरे नकोत, असं आत्यानेच बजावलं होतं. आज ते व्हिडिओचे तुकडे जोडून पाठवायचे होते.

आत्याने टेबलाचे दोन कोपरे धरून दाबून पाहिले. ते जागचं हललं नाही.

"बघ, पुठ्ठ्याने फरक पडला की नाही?" भिंगरी म्हणाली.

पुठ्ठा आत्याच्या हातात होता. तिने तो ओच्यात ठेवला.

भिंगरीने पहिला तुकडा लावला. "काय टाका आहे माझा. कोंबडी चालून गेल्यासारखा."

आत्या स्वतःचा हात पाहत होती. सुई कापडात शिरत होती, सरळ वर येत होती. पुढच्या तुकड्यांत भिंगरीचा साखळी टाका सुधारत गेला. शेजारी आत्याची सुई कापडावर अधांतरी थांबू लागली, जागा शोधू लागली. शेवटच्या तुकड्यात सुई खाली ठेवल्यावरही तिचा अंगठा तर्जनीवर घासत राहिला होता.

"हे बघ, इथे किती हललंय. आईला म्हटलं, सुतार बोलाव. म्हणते, टेबल कशाला हलेल, तूच बूड टेकवत नाहीस."

"मागे पेला आहे ना, त्यातलं पाणी बघ," आत्या म्हणाली.

भिंगरीने चित्र थांबवलं, मोठं केलं, पुन्हा चालू केलं. पाणी निवांत होतं. तिने फोनमधून मान वर काढून आत्याकडे पाहिलं.

आत्या मुलांच्या इस्पितळात रक्ताचे नमुने घेत असे. आधी तिने चहा सोडला होता, मग चष्मा बदलला होता. तान्ही बाळं ती कामावरच्या जोडीदारणीकडे वळवायची. "माझी पाठ धरलीय, तू घे." शुक्रवारपासून जोडीदारीण रजेवर गेली. त्या दिवशी एका बाळाच्या मनगटाला तिने पुन्हापुन्हा सुई टोचली. बाळाच्या आईने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आत्यापासून लांबच्या. "होतं असं कधीकधी," वॉर्डातली नर्स म्हणाली होती. उद्या सोमवार. सकाळी बाळांची रांग लागणार होती आणि जोडीदारणीची रजा अजून संपली नव्हती.

"आत्या," भिंगरी हळूच म्हणाली, "तुझा हात येतो तेवढं कापून टाकू? कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"मग शिकवलं कुणी म्हणून दाखवशील? भुताने?"

भिंगरी हसली नाही.

"अजून काय राहिलंय?" आत्याने विचारलं.

"तुझं बोलणं. शिकवणाऱ्याने सांगायचं, तो कोण, काय काम करतो, मी काय शिकले." ती घुटमळली. "पण त्यात चेहरा लागतो."

"लाव."

भिंगरीने पुस्तकं सरकवली, फोन टेकवला आणि मान हलवली. आत्याने उजवा हात ओच्यातून काढून टेबलावर, उजेडात ठेवला. अंगठा चालूच होता. तिने त्याच्यावर डावा हात ठेवला नाही.

"मी हिची आत्या. हिचा टाका आता माझ्यापेक्षा सरळ पडतो. मी मुलांच्या इस्पितळात रक्ताचे नमुने घेते."

ती थांबली. फोनवरचा लाल ठिपका लुकलुकत होता. भिंगरीने तो बंद करायला बोट पुढे केलं. आत्याने मानेनेच नको म्हटलं.

"उद्या सकाळी गेल्याबरोबर डॉक्टरीणबाईंना सांगणार आहे, यापुढे मी कुठल्याही बाळाला सुई लावणार नाही."