उपासाच्या दिवसाचा धूर

तापाची साथ टळावी म्हणून साऱ्या वसाहतीने उपास धरला, त्याच दिवशी गव्हर्नर जोसाया पेंग्री यांच्या धुराड्यातून धूर निघाला आणि हरणाच्या मांसाचा वास गल्लीभर पसरला. साथ काही थांबली नाही. आठवड्यात बोभाटा झाला, गव्हर्नर उपासाला जेवले म्हणून.

खरं काय ते शेजारच्या मेहिटेबलला ठाऊक होतं. गव्हर्नरांच्या आजारी मोलकरणीसाठी तो हरणाचा रस्सा त्यांच्या चुलीवर तिनेच शिजवला होता. आजाऱ्याला उपास माफ असतो. गव्हर्नरांनी थेंबही चाखला नव्हता. मोलकरीण पुढे दगावली. साक्षीला उरली एकटी मेहिटेबल.

शनिवारी गव्हर्नर तिच्या दारात आले. "मेहिटेबलबाई, उद्या प्रार्थनाघरात मंडळी माझा न्याय करणार. सांगाल ना?"

"प्रार्थनाघरात विचारा, साहेब. मी खोटं बोलायची नाही."

ते निश्चिंत होऊन गेले. मेहिटेबलने दार लावून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीने, टॅमसिनने, प्रवचन चालू असताना उभं राहून एक प्रश्न विचारला होता. बाईने प्रार्थनाघरात तोंड उघडू नये, काय ते घरी नवऱ्याला विचारावं, असा हुकूम याच गव्हर्नरांनी काढला आणि टॅमसिनला भर जानेवारीत नदीपलीकडे हाकललं. बर्फ वितळल्यावर ती सापडली. तिच्या दातांत झाडाची साल होती.

रविवारी पाद्रीबुवांनी विचारलं, "कोणाला काही सांगायचंय?"

"मेहिटेबलबाई होत्या चुलीपाशी," गव्हर्नर म्हणाले. "त्यांना विचारा."

मेहिटेबल उभी राहिली. ओठ मिटलेलेच. तिने फक्त दाराकडे बोट केलं. हुकुमाचा कागद अजून तिथे ठोकलेला होता.

"अहो, बोला ना!"

मागच्या बाकावरून म्हातारा सुतार इलाय खाकरला. "म्हणजे बायकांनी बोललेलं चालतं, साहेब? मग त्या पोरीचं काय चुकलं होतं?"

"नवऱ्याकरवी सांगू दे," कोणीतरी सुचवलं.

"विधवा आहे ती," इलाय म्हणाला. "नवऱ्याला उठवणार कोण?"

कोणी हसलं नाही. गव्हर्नरांनी कागदाकडे पाहिलं, मग मेहिटेबलकडे. ती नजर न हलवता वाट पाहत होती. 'बोला' म्हटलं तर टॅमसिनचा जीव त्यांच्याच माथी येत होता.

"हुकूम तो हुकूम," ते पुटपुटले आणि खाली बसले. मंडळीने आपल्या यादीतून त्यांचं नाव कापलं.

बाहेर ते तिला आडवे आले. "तुला सगळं माहीत होतं."

"होतं की, साहेब. माझ्या नवऱ्याला विचारा. टेकडीवर पुरलाय."

मे महिन्यात गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. पेंग्री पसंत असतील तर मक्याचा दाणा टाकायचा, नापसंत असतील तर घेवड्याचा. बायकांना मत नव्हतं. पण आपल्या परसातल्या घेवड्याची टोपली मेहिटेबलने कोणी न मागता पाठवली होती. संध्याकाळी ती रिकामी परत आली. तिने ती उपडी करून झटकली आणि खुंटीला अडकवली.