लोखंडाचं चुंबन

बाबांच्या डाव्या डोळ्यात कण उडाला त्या दिवशी लेकीला आकाश ठेंगणं झालं होतं. भर वर्गात उभं राहून तिनं सांगितलं होतं, की ग्रीकांच्या मॅग्नेशिया नावाच्या मुलखात लोखंड ओढणारा दगड सापडायचा, म्हणून तो मॅग्नेट. आणि आपलं लोहचुंबक म्हणजे लोखंडाचं चुंबन घेणारा! वर्ग खिदळला, पण बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी बाबा डोळ्यावर रुमाल धरून घरी आले. ते लेथवर धातू कापायचं काम करायचे. कारखान्याचा रिवाजच होता, डोळ्यात काही उडालं की डॉक्टर नाही, खिळ्याला टांगलेलं जुन्या स्पीकरचं चुंबक. आज कण निघाला नाही, म्हणून मिस्त्रींनी ते घरीच दिलं होतं.

"अहो, डोळा आहे तो, जाम झालेला नट नव्हे," आई म्हणाली. "दवाखान्यात चला."

"आई, तुला ना काही कळत नाही! लोखंड चुंबकाकडे धावणारच. नावातच आहे ते."

"घ्या, पंडितीणबाई बोलल्या!" बाबा हसले. "धर गं तू. होऊ दे एकदाचं चुंबन."

बापलेकीपुढं आईचं कधी चाललं होतं?

तीन दिवस लेकीनं सकाळ-संध्याकाळ पापणीशी चुंबक धरलं. डोळा आधी लालभडक झाला, मग गढूळ. चौथ्या दिवशी त्याला उजेडही कळेना, तेव्हा कुठं तिघं दवाखान्यात गेली.

"काय कापत होतात?" चुंबकाची हकिकत ऐकून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लोखंडच की. आमच्याकडं कायम..." बाबा अडखळले. "नाही. त्या दिवशी पितळेचं काम आलं होतं. दुपारपुरतंच."

"पितळ चुंबकाला भीकसुद्धा घालत नाही हो. पहिल्या दिवशी आला असतात, तर डोळा वाचवला असता."

बाहेरच्या बाकावर बाबांनी लेकीचा हात धरला. "नावातच होतं की गं, पंडितीणबाई. लोखंडाचं." ते हसायला गेले. आईनं डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून पिशवीत ठेवली. तिनं एक मुस्कटात तरी ठेवून द्यायला हवी होती, असं लेकीला वाटलं.

एका डोळ्याच्या माणसाला लेथवर कोण उभं करणार? बाबा आता कारखान्याच्या मागच्या खोलीत जमिनीवर बसतात. पुढ्यात धातूच्या किसाचा ढीग असतो. लोखंड एकीकडे, पितळ एकीकडे.

निवडायला हातात तेच चुंबक असतं.