चैत्रालीचा वाकडा कोट

चैत्राली आमच्याच मजल्यावर राहते, सातवीत आहे. रस्त्यात पडलेली वस्तू ती आधी उचलते आणि तिचं काय करायचं ते नंतर ठरवते. मोडक्या छत्रीच्या काड्या, रिक्षाच्या सीटचं रेक्झिन, घड्याळाचे पट्टे, चेन बिघडलेल्या पर्सा. तिची आई मीनल यातलं काही घरात ठेवू देत नाही, म्हणून ते सगळं माझ्या दिवाणाखालच्या खोक्यात असतं. मी अंबरनाथच्या शाळेत हस्तकला शिकवायचे. निवृत्त होऊन बदलापूरला आले तरी दुपारी कुणी ना कुणी मूल कागद-कात्री घेऊन दारात उभं असतंच.

‘तारांगण टपाल’ नावाची एक कार्टून मालिका आहे. मुलं तिला नुसतं टी.टी. म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला धनुर्वाताचं इंजेक्शन आठवलं आणि चैत्राली पोट धरून हसली होती. त्यात इरा नावाची टपालवाली ग्रहाग्रहांवर पत्रं पोचवते आणि जिथे जाईल तिथल्या कापडाचा एक तुकडा आपल्या कोटाला लावते. तोच कोट चैत्रालीला करायचा होता, आणि तोही नुसत्या हौसेसाठी नाही.

अंबरनाथला स्वप्नाली नावाची कॉलेजातली मुलगी ‘गोंद गँग’ चालवते. अशा गोष्टी बनवणारी मुलंमुली महिन्यातून एका रविवारी एका हॉलमध्ये जमतात. गँगमध्ये यायचं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातांनी केलेली एक वस्तू न्यायची आणि ती कशी केली ते सांगायचं.

“वर्गात सगळ्या मला कचरावाली म्हणतात,” चैत्राली म्हणाली. “तिथे सगळ्याच कचरावाल्या आहेत, आजी. मला तिथे जायचंय.”

कापडासाठी मी तिला उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये धर्मेशभाईंकडे नेलं. त्यांचा जीन्स शिवायचा छोटा कारखाना आहे. त्यांची मुलगी माझ्या हाताखाली शिकली, म्हणून ओळख. कोपऱ्यात कतरनची, म्हणजे बेतून उरलेल्या तुकड्यांची, पोती भरलेली होती.

“ले जाओ बेटा, जितना चाहिए,” ते म्हणाले. चैत्राली पोत्यात खांद्यापर्यंत शिरली. गडद निळा, फिका, ठिपक्याठिपक्यांनी विटवलेला, काळपट असे तुकडे तिने निवडले. प्रत्येक तुकडा तिच्या दृष्टीने वेगळा ग्रह होता.

सगळी सुट्टी ती माझ्या खिडकीपाशी बसून शिवत होती. धावदोरा आणि टीप मी तिला वेगळ्या चिंधीवर दाखवली. कोटाला मात्र हात लावला नाही. जीन्सचं कापड जाड, सुई अडायची, बोटं लाल व्हायची. प्रत्येक ग्रहाला तिने वेगळ्या रंगाचा दोरा घेतला होता. बाह्यांच्या टोकांना खोक्यातलं रेक्झिन लावलं.

“आजी, हे वाकडं गेलंय का?”

“गेलंय.”

“उसवू?”

“तुला काय वाटतं?”

ती कोट लांब धरून बघायची. “राहू दे. या ग्रहावर वारा असतो.”

शेवटी राहिली पितळी बटणं. ती हाताने बसत नाहीत, दाबायला मशीन लागतं. स्वप्नालीला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली की तेवढं चालेल. शुक्रवारी आम्ही कोट धर्मेशभाईंकडे ठेवला. “चार बटन? कल ले जाओ,” ते म्हणाले. मेळावा रविवारी होता; कुठल्या हॉलमध्ये, तेही त्यांनी विचारून घेतलं.

शनिवारी दुपारी गेलो तर धर्मेशभाई वाटच बघत होते. त्यांनी कोट पिशवीतून काढून टेबलावर झटकला.

“देखो बेटा, क्या चीज बनी है!”

बटणं तर होतीच. पण कोटाची प्रत्येक शिवण उसवून नव्याने मारली होती. सोनेरी दोऱ्याची दुहेरी टीप, पट्टीने आखावी तशी सरळ. आत धागे सुटू नयेत म्हणून इंटरलॉक. तुकड्यांच्या कडा दुमडून सपाट केलेल्या. हिरवा, जांभळा, केशरी, एकही दोरा उरला नव्हता.

“कारीगर को हाथ नहीं लगाने दिया, आंटी. मैं खुद बैठा,” ते मला म्हणाले. “इस दुकान से टेढ़ा माल आज तक नहीं निकला. बच्ची के कोट पे कोई हँसे, ये अच्छा लगेगा क्या?”

मी बोलणार तेवढ्यात चैत्रालीने माझं बोट घट्ट दाबलं. “थँक्यू अंकल,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की त्यांना तो आनंदाचा वाटला असावा. बदलापूर येईपर्यंत पिशवी तिच्या मांडीवर होती, पण तिने ती उघडली नाही.

मीनलने कोट बघितला आणि खूश झाली. “अगं, काय सुरेख झालाय! अगदी दुकानातला वाटतो.”

“तेच ना!” चैत्राली रडायलाच लागली.

“अगं पण कल्पना तुझीच ना? तुकडे तूच निवडलेस. सांग मीच शिवला म्हणून. कोण विचारत बसणार आहे?”

“मला माहीत असणार ना, आई.”

“मग काय करणार? उसवणार? त्या माणसाने इतक्या प्रेमाने केलंय, त्याला काय वाटेल?”

चैत्राली माझ्याकडे वळली. “आजी, तुम्ही सांगा ना.”

मुलांनी असं विचारलं की उत्तर देऊन टाकावंसं वाटतं. दिलं की प्रश्न आपला होतो, त्यांचा राहत नाही. मी म्हटलं, “उसवायला तुझ्याबरोबर बसते. शिवणार मात्र नाही. उसवायचं की नाही आणि किती, ते तू सांग.”

तिने नाक पुसलं. कोट उलटसुलट केला. “पाठ,” ती म्हणाली. “इराची पाठच जास्त दिसते.”

सोनेरी दोरा निघू लागला तसं तिने एकदम कापड उजेडात धरलं. जाड कापडात तिच्या सुईची जुनी भोकं तशीच होती. सरळ टिपेच्या शेजारून ती आपली वेडीवाकडी ओळ धरून चालली होती.

“आजी, माझी वाट आहे अजून!”

त्याच भोकांतून तिने पुन्हा सुई घातली. हिरव्याच्या जागी हिरवा, जांभळ्याच्या जागी जांभळा. मीनल चहा ठेवून गेली, नंतर जेवायला बोलावून गेली. झोपायच्या वेळेपर्यंत पाठ पूर्ण झाली. बाह्या आणि पुढचा भाग सोनेरीच राहिला. बोटाला पट्टी लावून ती म्हणाली, “आता असाच नेते.”

रविवारी हॉलमध्ये पुठ्ठ्याचे पंख होते, बाटल्यांच्या झाकणांचं चिलखत होतं, एका मुलाने झाडूच्या काड्यांची आयाळ केली होती. स्वप्नालीने कोट हातात घेतला आणि आधी आतली बाजू बाहेर काढली.

“पाठ तुझी,” ती म्हणाली. “आणि बाह्या?”

“धर्मेश अंकलनी शिवल्या. पुढचा भागसुद्धा. आधी मी शिवला होता, पण त्यांनी उसवून परत शिवला.”

“का?”

“वाकडा होता म्हणून.”

टेबलाभोवतीच्या मुली हसल्या. झाकणांचं चिलखत घातलेली म्हणाली, “माझ्या मामाने माझी तलवार पॉलिश करून दिली होती. सेम!”

तेवढ्यात दारातून आवाज आला, “कहाँ है हमारी बच्ची?” धर्मेशभाई. इस्त्रीचा शर्ट, हातात फोटो काढायला मोबाइल. ते कौतुकाने पुढे आले आणि कोटाची पाठ बघून थांबले. एका टाक्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

“आंटी, ये किसने बिगाड़ा?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं.

“मी, अंकल,” चैत्राली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “तुमची शिलाई खूप मस्त होती. पण इथे मला माझी दाखवायची होती. मी फक्त बटणांसाठी कोट दिला होता. काल दुकानात मला बोलताच आलं नाही.”

“पण टेढ़ा है ना, बेटा.”

“आहे.”

त्यांनी मोबाइल खिशात घातला. “पहले बोलती तो,” ते हळू आवाजात म्हणाले. “मैं रात को खुश होके सोया.”

“सॉरी, अंकल.”

“सॉरी तू क्यों बोलती है? मैंने कहाँ पूछा था तेरे को.”

स्वप्नालीने कोट चैत्रालीकडे परत दिला. “हे बघ, आज तुला घेता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा. कोट पुरा कर आणि पुढच्या वेळी घेऊन ये.”

चैत्रालीने मान हलवली. डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत.

“पण घरी कशाला जातेस? टेबल रिकामं आहे, तिथे बसून उसव.”

ती बसली. धर्मेशभाईंनी प्लास्टिकची खुर्ची ओढली, वरच्या खिशातून धागे कापायची छोटी कात्री काढली आणि बाही आपल्याकडे वळवली.

“अंकल, मी करते.”

“हाँ. हाँ, तू कर.” त्यांनी कात्री तिच्या हातात दिली आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. तिने पहिला सोनेरी टाका कापला.

“थोडा सीधा पकड़ के...”

“धर्मेशभाई,” मी म्हटलं.

“चुप बैठता हूँ, आंटी.”

झाकणांच्या चिलखतवाली मुलगी खडखडत आली आणि न विचारता बाहीचं दुसरं टोक धरलं. “तू काप, मी ताणून धरते,” ती म्हणाली. “आणि हे रेक्झिन कुठून आणलंस गं?”

“रिक्षाचं आहे,” चैत्राली म्हणाली. “घरी अजून आहे. हवंय?”