न भरणारी टाकी

रविवारी सकाळी हरिभाऊंच्या बंगल्यामागे पन्नासेक माणसं चपला काढून संडासाच्या टाकीत डोकावत होती आणि भक्तिभावाने हात जोडत होती. खोटं वाटेल, पण अगदी असंच चाललं होतं. झाकण सताड उघडं, वास थेट मस्तकात जाणारा, आणि चेहरे मात्र गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखे. एका बाईंनी तर झाकणावर हळदकुंकूही वाहिलं.

"दिवाळीत काठोकाठ होती बरं का!" हरिभाऊ बांबूची काठी टाकीत बुडवून दाखवत होते. पंचायत समितीत तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, हिशेबाने बोलणारा. "आता तळाला वीतभर. टँकर नाही, उपसा नाही. सगळी महाराजांची कृपा!"

महाराज म्हणजे केसरीनाथ. भगवी कफनी, दहा बोटांत आठ अंगठ्या. "टाकी म्हणजे वास्तूचं पोट," ते डोळे मिटून म्हणाले. "पोटाला अजीर्ण झालेलं. आम्ही पाताळाचं दार उघडून दिलं. पाताळ मोठं दयाळू आहे हो, सगळं पोटात घेतं."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हरिभाऊंची सून रुचिरा हे बघत होती. ती अंबाडी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. टाकी उतरायला लागली त्या पहिल्या दिवसापासून तिचा एकच प्रश्न होता, "अण्णा, पण गेलं कुठे ते?" त्यावर हरिभाऊ तिच्याकडे असं बघत, की जणू तिने जेवताना काहीतरी घाण शब्द उच्चारला.

तसा या टेकाडावरच्या बारा बंगल्यांना टाकीचा अभिमान जुनाच. मास्तर, कारकून, ग्रामसेवक अशी सगळी शिकलेली मंडळी. मैल्याचा टँकर दारात उभा राहिला की अख्खी आळी नाकाला पदर लावणार, म्हणून चौदा वर्षांत कुणी गाळ उपसला नव्हता. टाकीतलं पाणी काठाशीच राहायला हवं, ते वरच्या पाइपातून शोषखड्ड्यात जातं आणि तळाचा गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढायचा असतो, हे यांच्या गावीही नव्हतं. टाकी भरत नाही ती चांगली, अशी यांची पक्की समजूत. आणि समजूत अशी पक्की असली की बुवा हुडकावा लागत नाही, तो आपणहून येतो.

त्याचा विधीही झकास होता. टाकीभोवती पडदा, टाकीला लागून उताराच्या बाजूला खड्डा, खड्ड्यात मंतरलेला नारळ, आणि तासभर ढोल. "पडद्याआड जो बघेल त्याच्या तोंडावाटे हाच मैला बाहेर येईल!" असं महाराजांनी बजावलं होतं. आता सांगा, कोण बघणार? बारातल्या नऊ बंगल्यांनी दक्षिणा मोजून नारळ पुरून घेतले.

टेकाडाखाली, जेमतेम चाळीस पावलांवर, पाड्याची विहीर होती. गेल्या दीड महिन्यात पाड्यावरचा जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी उलट्या-जुलाबाने आडवा झाला होता. आरोग्य केंद्राच्या नर्सने विहिरीत पावडर टाकली, पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं, पण आजार हटेना. तीन आठवड्यांपूर्वी दिनेशची पाच वर्षांची मनिषा गेली. अख्ख्या पाड्यात धडधाकट राहिली ती एकटी दिनेशची आई, सोमी.

त्याच रविवारी महाराज टेकाडावरून उतरून पाड्यावर गेले आणि त्यांनी सोमीकडे बोट दाखवलं. "सगळी पडली, ही कशी उभी? ही भुताळी, चेटकीण! हिनंच खाल्ली नात!" पाड्यातला जाणता माणूस देवू. त्याने मान खाली घातली आणि निकाल दिला, की पुढच्या रविवारी सोमीचे केस कापून तिला शिवेबाहेर काढायचं.

सोमवारी सोमी नेहमीसारखी रुचिराकडे भांड्यांना आली. कानामागचे केस मुळासकट उपटलेले होते.

"कुणी केलं हे?"

"दिनेशनं," सोमी म्हणाली. "तो तरी काय करंल? त्याची पोर गेली. बाई, पाणी द्या जरा."

रुचिराने फिल्टरखाली पेला धरला आणि तिचा हात थबकला. "सोमी, तू दिवसभर इथलंच पाणी पितेस ना? आणि घरी?"

"घरी पण तुमच्याकडचीच बाटली नेते. विहिरीच्या पाण्याला वास मारतो म्हायन्यापासून. पोरांना म्हटला, पिऊ नका. माझा कोण ऐकतो?"

पाताळ कुठे आहे ते रुचिराला कळलं होतं. चाळीस पावलांवर होतं आणि त्याला रहाट होता.

दिनेश शेलार गावाच्या बाजूला एका डाईंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, शिफ्ट करायचा. रुचिराने त्याला रस्त्यात गाठून रंग मागितला. "लाल आणू का, टीचर? लाल भरपूर पडलाय."

"लाल नको. लाल आला तर तो महाराज रक्त म्हणून गावभर नाचेल. हिरवा आण."

"पन कशाला?"

"तुझी पोर कशानं गेली ते कळायला हवं ना तुला?"

बुधवारी दिनेशने हिरव्या रंगाचा डबा आणून दिला. शुक्रवारी संध्याकाळी रुचिराने तो आपल्याच घरच्या संडासात रिता केला आणि शनिवारभर बादल्यांवर बादल्या ओतल्या. "पोट बिघडलंय का गं?" हरिभाऊंनी बाहेरून विचारलं.

रविवार उजाडला. विहिरीपाशी सोमीला बसवलेलं, देवूच्या हातात कात्री, आणि टेकाडावरचे बंगलेवालेही तमाशा बघायला उतरलेले. महाराज गरजले, "आधी हिला याच पाण्यानं न्हाऊ घाला!" दिनेशने त्या दिवशीचा पहिला रहाट ओढला. बादली वर आली ती हिरवीगार.

माणसं दचकून मागे सरली. महाराज मात्र तयारीचा गडी. "विष! बघा, भुताळीनं विष ओकलं विहिरीत!"

"विष नाही, डाईंगचा रंग आहे," रुचिरा पुढे झाली. "शुक्रवारी मी तो आमच्या संडासात ओतला. दिनेश, ओळख तुझा माल."

दिनेशने ओंजळ भरून पाणी पाहिलं. मग तो वळला, कुणाच्या तरी दारातली पहार उचलली आणि टेकाड चढू लागला. माणसं त्याच्यामागे धावली.

"माझ्या टाकीला पहार लावायची नाही!" हरिभाऊ खड्ड्यापुढे आडवे झाले. "रुचिरा, घरची अब्रू अशी चव्हाट्यावर..."

"अण्णा, तुमची अब्रू दीड महिना ती पोरं पीत होती. बाजूला व्हा."

चार फूट माती निघाली. आधी कुजका नारळ आला, त्याखाली दगडांचा थर, आणि दगडांत टाकीच्या भिंतीतून बाहेर आलेला मनगटाएवढा पाइप. त्यातून हिरवं पाणी शांतपणे उताराकडे वाहत होतं. ढोल कशासाठी होते ते आता सगळ्यांना कळलं. भिंतीला भोक पाडणाऱ्या मशीनचा आवाज दाबायला. मागाहून कळलं की महाराज पूर्वी मैल्याच्या टँकरवर कामाला होते, त्यामुळे टाकी कुठे फोडायची ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. ते पळायला लागले, पण देवूने त्यांची कफनी धरली आणि पोलीस येईस्तोवर सोडली नाही.

दिनेश खाली आला. आईच्या पायाशी कोसळून हंबरडा फोडला त्याने. सोमीने पाय मागे घेतले.

"माझे केस वढलंस त्या दिशी एकदा तरी इचारायचा होतास," ती म्हणाली. "मी सांगितली असती, का आये न्हाय रं अशी करत."

आणि ती उठून आपल्या पायांनी शिवेबाहेर चालती झाली.

संध्याकाळी हरिभाऊ खड्ड्याकडे बघत उभे होते. "भोक बुजवलं की पुन्हा भरेल गं टाकी," ते म्हणाले. "म्हणजे टँकर बोलवावाच लागणार?"

"नऊही घरी, अण्णा. उद्या सकाळी. आणि दारातच उभा करायचा, सगळ्यांना दिसेल असा."

मंडळी, शिकलेले आहात, देव माना नाहीतर नका मानू. पण माणसाच्या पोटातून निघालेलं मंत्राने नाहीसं होत नाही, ते कुठेतरी जातंच. चमत्कार दाखवणाऱ्याला हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की गेलं कुठे? हरिभाऊंना हा प्रश्न घाण वाटला होता. मनिषा तेव्हा जिवंत होती.