तीन सावकाश पिचर

साल १९५६. त्या वर्षी हॅरोबी गावाचा बेसबॉलचा संघ तीन वर्षं सलग शेवटचा येऊन चुकला होता, आणि गावाला त्याची सवय झाली होती. मिनेसोटातल्या त्या भागात प्रत्येक गावाचा एक संघ असे आणि दर रविवारी दुपारी दोन वाजता सामना असे. चर्चच्या तळघरातली कॉफी संपली की मंडळी तशीच मैदानाकडे चालू लागत.

मैदान सेल्मर थोर्सरुडच्या जमिनीत होतं. वडिलांनी आखलेलं. वडील जाताना जमीन सेल्मरला देऊन गेले आणि सामन्यांची वही आल्विनाला. आल्विना सेल्मरची थोरली बहीण, गावच्या टेलिफोन एक्सचेंजवर बसायची आणि वयाच्या सोळाव्या वर्षापासून प्रत्येक सामन्याची वही लिहायची. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. सेल्मरकडे सोळा गायी होत्या आणि आल्विनाकडे सगळ्या गावाची फोनवरची बोलणी.

एप्रिलमधल्या एका रविवारी जेवताना सेल्मर म्हणाला, "चार एकर आहे ते. तालुक्यात तशी काळी माती नाही. यंदा पहिले येऊन लीगचा झेंडा आणला नाहीत तर सप्टेंबरात नांगर घालतो. मका लावणार."

"झेंडा?" आल्विना म्हणाली. "शेवटून दुसरे आलो तर?"

"शेवटून दुसऱ्यासाठी एवढी चांगली माती अडवायची नसते."

आल्विनाने बटाटे पुढे सरकवले. त्या मैदानाच्या तिसऱ्या कोपऱ्यातले दगड तिने वडिलांबरोबर स्वतः वेचले होते. पण सेल्मरला हे सांगून उपयोग नव्हता, कारण चौथ्या कोपऱ्यातले त्याने वेचले होते.

संघाचा मॅनेजर होता ऑर्लिन बाक्के, गावचा न्हावी. आल्विना त्याच्या दुकानात गेली तेव्हा तो एकाची हजामत अर्धी टाकून खुर्चीवर बसला होता. सगळे संघ शहरातल्या कॉलेजातून वेगाने चेंडू टाकणारा एखादा मुलगा पिचर म्हणून आणत. हॅरोबीचा मुलगा यंदा स्टोनी लेकच्या संघाने पळवला होता.

"मला ठाऊक आहे," आल्विना म्हणाली. "फोन माझ्याच बोर्डावरून गेला."

"मग तेव्हाच तोडायचा नाही का?"

"तसं करता येत नाही, ऑर्लिन."

त्या आठवड्यात तिने जुन्या वह्या काढल्या. हॅरोबी दहा-बारा धावांनी मागे पडला की ऑर्लिन कॉलेजच्या मुलाला विश्रांती द्यायचा आणि जो समोर दिसेल त्याच्या हातात चेंडू द्यायचा. तोवर लोक घरी निघालेले असत. ते शेवटचे डाव कोणी पाहिले नव्हते. आल्विनाने लिहिले मात्र होते. तिने बेरीज केली. गेल्या तीन वर्षांत त्या निकाल लागून गेलेल्या डावांत हॅरोबीने जवळपास धावाच दिल्या नव्हत्या. सगळ्या लीगला वेगवान चेंडूंची इतकी सवय झाली होती की सावकाश येणारा चेंडू दिसला की फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळे होत.

तिने तीन नावं कागदावर लिहून ऑर्लिनला दिली. पहिला स्टँगल, डेअरीत लोणी काढणारा, वय सत्तेचाळीस. दुसरा कोलार, गावातली मयतं पोचवणारा. तिसरा सेल्मर. आळीपाळीने एकेका रविवारी एकेक, आणि क्रम बदलायचा नाही.

ऑर्लिनने कागद उलटा करून पाहिला. "मागे काही नाही?"

"नाही."

"मला वाटलं मागे पिचर असतील."

सेल्मरला विचारायला ती गोठ्यात गेली.

"माझ्या मक्याच्या विरुद्ध मीच उभं राहायचं?" तो म्हणाला.

"दर तिसऱ्या रविवारी."

"आणि मी मुद्दाम वाईट टाकलं तर?"

"तुला जमणार नाही ते."

सेल्मरने बादली पुढच्या गायीखाली सरकवली. "साडेपाचला धारा काढायच्या असतात," तो म्हणाला. "मला भरभर टाकावं लागेल."

मे महिन्यात हॅरोबी जिंकू लागला. स्टँगलचा चेंडू इतका सावकाश यायचा की त्यावरची शिवण मोजता यायची. कोलार प्रत्येक फलंदाजाकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा शांतपणे पाहायचा, धंद्यातली सवय, आणि त्यानंतर तो माणूस नीट खेळत नसे. सेल्मर हातात चेंडू आला की लगेच टाकायचा. फलंदाजाने थुंकून हात चोळेपर्यंत दोन चेंडू हुकलेले असत. पंचांनी नियमांचं पुस्तक पाहिलं. घाई करू नये असं त्यात कुठे लिहिलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी हॅरोबी आणि स्टोनी लेक यांचा आपसात सामना होता, आणि लीगमध्ये दोघे बरोबरीत होते. जिंकेल त्याचा झेंडा. क्रमाने नंबर सेल्मरचा होता.

"बदलू या," ऑर्लिन आदल्या दिवशी म्हणाला. "त्याला मका दिसतोय, आल्विना. मी त्याची दाढी करतो, मला माणूस कळतो."

"क्रम बदलायचा नाही."

"हरलो तर मैदान जाईल. तुझ्या वडिलांचं."

"त्याच्याही वडिलांचं," आल्विना म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. रविवार उजाडला तेव्हा तसंही बदलायला कोणी नव्हतं. स्टँगलचा दंड सुजला होता आणि कोलार शेजारच्या गावी दफनाला गेला होता.

स्टोनी लेकच्या मॅनेजरला सेल्मरच्या धारांची वेळ ठाऊक होती. त्याचे फलंदाज पुन्हापुन्हा बाजूला होऊन डोळ्यांतला कचरा काढू लागले. त्याचा पिचर, तोच पळवलेला मुलगा, दर चेंडूआधी बुटाची नाडी बांधू लागला. ठरलेले नऊ डाव झाले तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती आणि गायी कुंपणाशी येऊन हंबरत होत्या. सोळाच्या सोळा.

दहाव्या डावाच्या सुरुवातीला सेल्मर चेंडू हातात घेऊन थांबला. तो निघाला असता तर गावात कोणी त्याला बोल लावला नसता. गाय ताटकळत ठेवायची नसते, हे तिथे लहान मुलालाही कळत होतं.

"आल्विना," त्याने बाकाकडे वळून विचारलं, "किती वाजले?"

ऑर्लिनने तिच्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. "सव्वापाच सांग," तो ओठ न हलवता म्हणाला. "फक्त सव्वापाच."

आल्विनाने अठ्ठावीस वर्षं त्या बाकावरून जे घडलं तेच लिहिलं होतं. तिने मैदानाच्या तिसऱ्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं.

"पाच चाळीस," ती म्हणाली.

ऑर्लिनने डोळे मिटले.

सेल्मर गायींकडे पाहत उभा राहिला. "म्हणजे उशीर झालाच," तो म्हणाला. "मग आता घाई कसली."

त्याने टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने घाई न करता चेंडू टाकला, नेहमीपेक्षाही हळू. दुपारभर त्याच्या घाईची सवय झालेल्या फलंदाजाने चेंडू निम्म्या वाटेवर असतानाच बॅट फिरवली. मागून आलेले दोघेही असेच बाद झाले; तिघे गेले की डाव संपतो. मग हॅरोबीची फलंदाजी आली. स्टोनी लेकच्या मुलाचा हात नाड्या बांधून बांधून गार पडला होता. एकामागून एक चौघांना त्याने इतके बाहेर चेंडू टाकले की नियमाप्रमाणे प्रत्येकाला पहिल्या बेसवर फुकट चालत जाता आलं, आधीचे एकेक बेस पुढे सरकले, आणि पहिला चालत चालतच धाव पूर्ण करून आला. हॅरोबीने झेंडा चालत जिंकला. आल्विनाने वहीत २-१ लिहिलं आणि वर पाहिलं तेव्हा सेल्मर कुंपण ओलांडून गोठ्याकडे निघाला होता.

मका लागला नाही. पुढच्या वर्षी सगळ्या लीगने म्हातारे पिचर शोधून आणले आणि हॅरोबी चौथा आला. ऑर्लिन एकाहत्तर साली वारला. शेवटपर्यंत तो गिऱ्हाइकांना सांगायचा की तीन नावांचा कागद त्याचाच होता. डेअरी बंद झाल्यावर स्टँगल लेकीकडे ॲरिझोनाला गेला, तिथलं लोणी त्याला कधी आवडलं नाही. कोलारने ऑर्लिनला पोचवलं, नंतर आपला धंदा पुतण्याला दिला. सेल्मरने एकसष्ट साली गायी विकल्या. कुठे जायची घाई उरली नाही, तसे त्याचे सामने लांबत गेले, आणि दोन वर्षांनी ऑर्लिनला त्याला थांबवावं लागलं. त्यानंतर तो बाकावर आल्विनाच्या शेजारी बसायचा आणि तिने लिहिलेलं वाचून बरोबर आहे असं म्हणायचा. त्रेसष्ट साली एक्सचेंज यंत्रावर गेलं आणि तिचं बोर्डावरचं काम संपलं. आल्विनाने वही मात्र एकोणऐंशीपर्यंत लिहिली.