तळ्याच्या काठावरील वरपरीक्षा

सुज्ञ वाचकहो, नांदगाव खंडेश्वर येथील एका अविवाहित तरुणाने अमरावतीच्या वडाळी तलावापासून मालखेडच्या तलावापर्यंत रानावनातून जो सायकल-प्रवास केला, त्या प्रवासाचे, त्यात त्याच्यावर ओढवलेल्या आपत्तीचे आणि त्या आपत्तीतून निष्पन्न झालेल्या फळाचे साद्यंत निवेदन प्रस्तुत कथेत करण्याचे मी योजिले आहे. तरी ते शांत चित्ताने वाचावे, ही प्रार्थना.

या तरुणाचे नाव विपुल. नत्थुजींचा तो एकुलता एक पुत्र. वय एकतिशीच्या घरात, अंगकाठी मजबूत, स्वभाव अबोल. वावरात विहीर होती, विहिरीला पाणी होते, आणि मागील वर्षी तूर अशी पिकली होती की घरात पोती ठेवावयास जागा उरली नव्हती. परंतु आजच्या काळात मुलीच्या बापाला या गोष्टी दिसत नाहीत. पाहुणे येत, पोहे खात, विहिरीची स्तुती करीत आणि घरी जाऊन फोनवर कळवीत, "पोट्टा चांगला हाय, पन वावरात राह्यते." हे वाक्य विपुलने इतक्यांदा ऐकले होते की त्याचे मन त्या वाक्याने झिजून गेले होते. त्याने आईला, म्हणजे सुभद्राबाईंना, स्पष्ट सांगितले होते, "माय, हे अमरावतीचं शेवटचं. इथं नाई जमलं तं पुन्हा कोनापुढं मी पोह्याची प्लेट धरून बसनार नाई."

सुभद्राबाईंनी हे आपले बंधू पुंजाजी यांच्या कानावर घातले. पुंजाजी म्हणजे सोयरिकी जुळविण्यात हयात घालविलेला गृहस्थ. आपल्याकडे सोयरीक जमवताना मुलाची उंची दोन बोटे आणि वावर दोन एकर वाढवून सांगण्याची चाल आहे, व ते कोणी पाप मानीत नाही. पुंजाजींनी वावर वाढविले नाही. अमरावतीची ती मुलगी रविवारी मित्रमंडळींसोबत डोंगरी सायकल चालविते, एवढे त्यांना कळले होते. त्यांनी मुलीच्या वडिलांना, महादेवरावांना, फोनवर ठणकावून सांगितले, "आमच्या पोट्ट्याचा तं सायकल म्हंजे जीव की प्राण! रोज चालवते."

वस्तुस्थिती अशी होती की विपुलने दहावीनंतर सायकलीला हात लावला नव्हता.

अमरावतीस पाहण्याचा कार्यक्रम झाला. मुलीचे नाव आचल. ती डोळ्यांच्या एका दवाखान्यात चष्म्याचे नंबर तपासण्याचे काम करीत असे. तिची मुद्रा शांत आणि दृष्टी थेट होती. पोह्यांची प्लेट ठेवून ती समोर बसली आणि तिने विचारले, "कोणती सायकल आहे तुमच्याकडे?"

विपुलच्या घशात पोह्यातला शेंगदाणा अडकला.

"गेअरवाली हाय!" पुंजाजींनी तत्परतेने उत्तर दिले. "पन सध्या दुरुस्तीले देल्ली."

"मग माझ्या भावाची घ्या," आचल म्हणाली. "रविवारी वडाळीवरून निघू. पोहऱ्याच्या जंगलाच्या कडेनं मालखेडच्या तलावापर्यंत. बोलणं पण होईन."

महादेवरावांनी मान हलविली. वडीलधाऱ्यांनी डांबरी रस्त्याने स्कूटरवर पुढे जावे, तळ्याच्या धरणाच्या भिंतीवर जेवणाचे डबे घेऊन थांबावे, असे ठरले. बाहेर पडल्यावर विपुल मामांवर उखडला.

"मामा, कावून सांगतलं असं?"

"अबे, सायकल का विमान हाय? एकदा शिकलेला मानूस भुलत नाई. आन वरून जवान हायेस. चूप बस आन पायडल मार!"

रविवार उजाडला. फाल्गुनाचे दिवस होते. वडाळीच्या तळ्यावर पाण्याचा नुसता आरसा पसरला होता आणि बगळे त्यात आपापली प्रतिबिंबे न्याहाळीत उभे होते. आचल डोक्यावर शिरस्त्राण, पायांत बूट आणि पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन सिद्ध होती. विपुलने इस्त्रीची पांढरी पँट परिधान केली होती, कारण हा पाहण्याचाच कार्यक्रम आहे, अशी आईची ताकीद होती.

सायकलीच्या मुठीवर दोन्हीकडे गेअरच्या खटक्या होत्या. विपुलने उजवीकडची दाबली तेव्हा पायडल दगडासारखे जड झाले. डावीकडची दाबली तेव्हा ते इतके हलके झाले की पाय गरगर फिरले आणि सायकल मात्र जागच्या जागी राहिली. आचलने हे पाहिले की नाही, ते त्याला कळले नाही. तिने फक्त एवढेच म्हटले, "सावकाश या. घाई नाही आपल्याले."

शहर मागे पडले आणि कच्ची वाट जंगलाच्या कडेने चालू लागली. साग निष्पर्ण उभे होते. त्यांची मोठाली पाने वाटेवर पडून चाकांखाली पापडासारखी मोडत होती. पळस मात्र असा फुलला होता की जणू कोणी जंगलाच्या अंगावर गुलाल उधळावा. चढ आला. आचल उभ्याने पायडल मारीत वर निघून गेली. विपुलची छाती भात्यासारखी चालू लागली. अर्ध्या चढावर तो उतरला आणि सायकल हातांनी ढकलीत, मान खाली घालून चालू लागला. आता ही हसणार, असे त्याच्या मनात आले. ती माथ्यावर थांबली होती. ती हसली नाही. तिने पाण्याची पिशवी पुढे केली.

"थकले?"

"थकलो ना," विपुल म्हणाला. खोटे बोलावयास त्याच्याजवळ श्वासच नव्हता.

तेवढ्यात झुडुपांतून एक रोही, म्हणजे नीलगाईचा नर, बाहेर पडला, वाट ओलांडून पलीकडे गेला आणि वळून दोघांकडे पाहत राहिला.

"आमच्या तुरीत असा दिसला असता तं मी त्याले शिव्या देल्ल्या असत्या," विपुल म्हणाला. "इथं पाहून राहिलो तं किती देखना वाटते."

आचल खळखळून हसली. त्या हास्याने विपुलच्या मनातील भीतीची गाठ सैल झाली. उतार लागला, वारा कानांत शिरला आणि बालपणी शाळेतून घरी येताना होत असे तसा आनंद त्याच्या अंतःकरणात उसळला. ही मुलगी आपल्याला हवी, केवळ लग्न व्हावे म्हणून नव्हे तर हीच हवी, हे त्याला त्या उतारावर समजले. आणि ज्या क्षणी ते समजले, त्याच क्षणी आपण तिच्यासमोर कोणत्या तरी एका गोष्टीत निपुण दिसलेच पाहिजे, अशी दुर्बुद्धी त्याला झाली.

मालखेडचे तळे दृष्टीस पडले. पाणी ओसरून दूर आत गेले होते. पूर्वी जेथवर पाणी होते तेथवरची काठाची जमीन उघडी पडली होती आणि तिला हातभर लांबीच्या भेगा पडल्या होत्या. कडेने बेशरमीची झाडी माजली होती. समोर, तळ्याच्या दुसऱ्या अंगाला, धरणाच्या भिंतीवर महादेवराव आणि पुंजाजी डबे घेऊन बसलेले दिसत होते. वाट मात्र तळ्याला लांब वळसा घालून जात होती.

"इथून सरळ जाऊ," विपुलने बोट दाखविले.

"नको, फसन सायकल. चक्कर मारूनच जाऊ."

आता ज्या मनुष्याचा जन्म काळ्या जमिनीत गेला, त्याला कोणी जमीन शिकवू लागले तर त्याचा जो भाव होतो तोच विपुलचा झाला. "अहो, माती मले सांगता काय? भेगा पडल्या म्हंजे वायली, कडक झाली. आमच्या वावरात अशा भेगा पडल्या का त्याच्यावरून भरलेली बैलबंडी नेतो आमी."

वावराचा हा नियम वावरापुरता खरा आहे. तळ्याच्या पोटातील गाळाला तो लागू नाही. तेथे उन्हाने वरची साय वाळते, तडकते आणि आत मात्र लोणी तसेच राहते. विपुलने चांगला वेग घेतला, मामांच्या दिशेने एक हातही हलविला, आणि थोड्याच अंतरावर सायकलीचे पुढचे चाक खचकन आत शिरले. सायकल थांबली, विपुल थांबला नाही. तो मुठीवरून पुढे जाऊन गाळात पालथा पडला. उठू गेला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. एक पाय उपसावा तर दुसरा अधिक रुतावा.

"हलू नका!" आचल ओरडली. "जेवढे हलसान तेवढे आत जासान!"

तिने बेशरमीच्या फांद्या कडाकडा मोडल्या आणि गाळावर आडव्या अंथरीत अंथरीत त्याच्यापर्यंत एक वाट केली. मग त्या फांद्यांवर पोटावर निजून तिने एक लांब काठी पुढे केली. "ही धरा. उभं नका राहू, आडवे होऊन सरका. लेकरं रांगते तसे."

विपुल, ज्याच्या पांढऱ्या पँटचा आता रंग ओळखणे अशक्य होते, तान्ह्या बाळासारखा रांगत बाहेर आला. नंतर दोघांनी मिळून सायकल ओढून काढली.

"तुमाले कसं मालूम हे?" त्याने धापा टाकीत विचारले.

"मी पण फसली होती मागच्या साली, छत्री तलावावर. चार पोरींनी ओढून काढली मले." मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "दवाखान्यात या एकदा. तुमच्या डोळ्यांचा नंबर काढून देते."

तोवर धरणाच्या भिंतीवरून पुंजाजी धोतर सावरीत धावत आले होते. त्यांच्यामागे महादेवराव. पुंजाजींनी भाच्याकडे एक दृष्टिक्षेप टाकला आणि त्यांची सोयरिकीत मुरलेली बुद्धी तत्काळ कामास लागली.

"ब्रेक फेल झाला असंन!" ते लांबूनच गरजले. "नाईतं आमचा पोट्टा असा पडूच शकत नाई! सांग ना बे, ब्रेक फेल झाला ना?"

सगळे विपुलकडे पाहू लागले. केवळ एक "हो" म्हणावयाचे होते. ब्रेक कोण तपासणार होते? परंतु सायकल आचलच्या भावाची होती, आणि आचलच्या कोपरांपासून मनगटांपर्यंत तळ्याचा गाळ लागला होता. तिने ज्याला ओढून काढले त्याने तिच्याच घरच्या सायकलीला दोष द्यावा, हे विपुलला जमेना.

"नाई, मामा. ब्रेक मस्त हाय. यायनं नको म्हटलं, तरी मीच शायना झालो." तो थांबला. आता अर्धे खरे सांगून उपयोग नव्हता. "आन काकाजी, मी रोज सायकलही चालवत नाई. दहावीपर्यंत शाळेत नेत होतो. आज इतक्या वर्षानं बसलो."

पुंजाजी मटकन बेशरमीच्या झुडपाशी खाली बसले. हीही सोयरीक गेली, हे विपुलने मनोमन जाणले. आईला काय सांगावे, याचा तो विचार करू लागला.

महादेवरावांनी गाळाने माखलेली सायकल एकदा न्याहाळली. मग त्यांनी कन्येकडे वळून विचारले, "आइकलं का वं? आता तूच सांग."

"हे तं मले वडाळीवरच समजलं, बाबा," आचल म्हणाली. "यायनं आधी जड गेअर टाकला अन् मंग इतका हलका, का सायकल जागची हलली नाही."

"मंग तवाच कावून नाई बोलली?"

"पाहत होती ना, हे कधी सांगतात ते." तिने हाताचा गाळ बेशरमीच्या पानाला पुसला. "मागं तो अकोल्याच्या जठारपेठेतला आला होता. सायकल भारी होती त्याची. वाटेत पंक्चर झाली, मी काढून देल्ली, तं घरी येऊस्तर माझ्याशी बोलला नाही. हे गुडघ्यापर्यंत फसले होते, पण काढल्यावर चिडले नाही. मले चालते, बाबा."

विपुलला आपण काय ऐकले ते प्रथम कळलेच नाही. कळले तेव्हा त्याचे कान लाल झाले. गाळामुळे ते कोणाला दिसले नाहीत.

"पण एक आहे," आचल त्याच्याकडे वळली. "लग्नानंतर मी सायकल सोडणार नाही. नांदगावात पण चालवीन. तुमच्या गावचे लोक काय म्हणतीन?"

मोठे वचन द्यावे, असे विपुलला वाटले. परंतु त्याने गावाचा विचार केला. चौकातील पानटपरी, ओट्यावर बसणारी मंडळी, हे सर्व त्याच्या नजरेसमोर आले.

"हासतीन," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पह्यले काही दिवस लै हासतीन. मंग सवय होईन त्यायले. मी सोबत राहीन. म्हंजे... मांगं राहीन. पुढं जाची ताकद नाई माही."

महादेवरावांना हसू आवरेना. पुंजाजी झुडपाजवळून उठले, धोतर झटकले आणि जणू सर्व काही आपल्याच योजनेप्रमाणे घडले अशा आविर्भावात त्यांनी बहिणीला फोन लावला.

"सुभद्रे, पोट्टा गाळात पडला! ...हो, तोंडावर! ...नाई वं, सोयरीक जमली!"

फोनमधून सुभद्राबाईंचा आवाज सर्वांना ऐकू आला, "पँट कोनती घातली होती त्यानं? पांढरी तं नाई ना?"

त्यानंतर सर्वांनी तळ्याच्या स्वच्छ पाण्यात हातपाय धुतले आणि भिंतीवर बसून वांग्याच्या भाजीशी रोडगे खाल्ले. बैठक चैत्रात घेण्याचे तेथेच ठरले. महादेवरावांनी परतीसाठी विपुलला स्कूटरवर बसावयास सांगितले. विपुल नको म्हणाला. त्याने सायकलीच्या चाकांतला गाळ काडीने काढला, आचलला गेअर कसे टाकावेत ते विचारले, तिने दाखविले तसे टाकून पाहिले, आणि दोघे पोहऱ्याच्या जंगलाकडे निघाले. चढावर ती पुढे होती. तो मागे होता, दमला होता, आणि या खेपेस तो माथ्यापर्यंत न उतरता गेला.

येथे ही कथा मी समाप्त करितो. आपण आपला बहुमूल्य वेळ खर्ची घालून ती अखेरपर्यंत वाचलीत, याबद्दल आपणा सर्व वाचकांचे मी हात जोडून मनःपूर्वक आभार मानतो. भाषेत काही उणे राहिले असल्यास ते माझे, आणि गोड वाटले असल्यास ते त्या दोघांचे समजावे.

आपला नम्र,
देवराव किसनजी ठोंबरे
मु. पो. नांदगाव खंडेश्वर, जि. अमरावती